मारामारीच्या खेळांतला थोरला कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रविवारी सकाळी या वेळेला रेडिओ लावणाऱ्यांची अपेक्षा ठरलेली असते. आरोग्याचा सल्ला, शेतीची माहिती, नाहीतर एखाद्या थोर माणसाचं चरित्र. मी आज बोलणार आहे व्हिडिओ गेमबद्दल, आणि त्यातही अशा खेळांबद्दल, ज्यात दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि एक जण आडवा होईपर्यंत एकमेकांना लाथाबुक्क्या घालतात. ‘यावर बोलण्यासारखं आहे तरी काय?’ हा प्रश्न आमच्या घरातच विचारून झाला आहे. तेव्हा तो तुम्ही पुन्हा विचारू नका, एवढीच विनंती.

मी नागपुरात मुलांना संगणक शिकवतो. तास कुठल्याही विषयाचा असो, तो संपला की मागच्या बाकांवर एक वाद हमखास रंगतो. ‘स्ट्रीट फायटर’ मोठा, ‘टेकन’ मोठा, की ‘मॉर्टल कॉम्बॅट’? जो तो आपल्या आवडत्या खेळाच्या विक्रीचे आकडे मोबाइलवर काढून दाखवतो. विक्री हाच निकष धरला तर निकाल सोपा आहे. या जातीच्या खेळांत सर्वांत जास्त खपलेली मालिका ‘मॉर्टल कॉम्बॅट’ची. पण खपावरून मोठेपण ठरवायचं तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेला साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद द्यावं लागेल.

माझी कसोटी वेगळी आहे. एखादा खेळ आल्यानंतर बाकीच्यांना जुन्या पद्धतीचे खेळ काढता येईनासे झाले का? आणि खेळणाऱ्या माणसांत त्याने काही फरक केला का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर जपान-अमेरिकेतल्या पुस्तकांत मिळतं. दुसऱ्याचं मात्र ज्याने त्याने आपल्या गावात शोधायचं असतं. मी ते नागपुरात शोधणार आहे, कारण हे खेळ मी इथेच पाहिले. सीताबर्डीत, सदरमध्ये, महालात. व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये.

आजच्या मुलांना पार्लर म्हटलं की केस कापायचं दुकान आठवतं. १९९०च्या दशकातलं आमचं पार्लर म्हणजे दहा बाय पंधराची खोली. दाराला जाड पडदा, आत अंधार, कूलरची घरघर, आणि भिंतीला लागून प्लायवूडच्या पेट्या. पेटीत टीव्हीची काच, तिच्याखाली लिव्हर आणि बटणं. गल्ल्यावर रुपया दिला की एक टोकन मिळायचं. बाहेर मे महिन्यातलं नागपूर तापलेलं असायचं आणि आत वीस-पंचवीस पोरं एका काचेकडे डोळे लावून उभी असायची. त्यातली खेळणारी फक्त दोन.

मारामारीचे खेळ त्याआधीही होते. १९८४ साली जपानमध्ये ‘कराटे चॅम्प’ निघाला. त्याला बटणंच नव्हती, दोन हातांत दोन लिव्हर धरायच्या. १९८५च्या ‘यी आर कुंग फू’शी आपल्यापैकी अनेकांची ओळख पुढे घरातल्या टीव्हीला जोडायच्या डबड्यावर झाली. एकाच कॅसेटमध्ये चौसष्ट खेळ भरलेले असत, त्यात तो असे. मग १९८७मध्ये ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर’ काढला. त्याच्या मोठ्या यंत्राला बटणांऐवजी रबरी गाद्या होत्या. जितक्या जोरात गादीवर बुक्की माराल, तितक्या जोरात पडद्यावरचा गडी मारणार. कल्पना झकास होती, पण लोकांचे हात दुखायला लागले. गाद्या गेल्या आणि सहा बटणं आली. तीन ठोशांची, तीन लाथांची.

हा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ आज फारसा कुणाला आठवत नाही. तो करणारे ताकाशी निशियामा कॅपकॉम सोडून ओसाकातल्याच एसएनके या कंपनीत गेले. हे नाव लक्षात असू द्या. त्यांचा नागपूरशी संबंध पुढे येणार आहे.

१९९१च्या सुरुवातीला ‘स्ट्रीट फायटर टू’ आला. आपल्याकडे त्याच वर्षी जुलैमध्ये मनमोहन सिंगांनी तो प्रसिद्ध अर्थसंकल्प मांडला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आमच्या पिढीच्या डोक्यात ही दोन्ही एकाच कप्प्यात पडली आहेत. बाहेरचं जग एकदम जवळ आलं, ते असं.

या खेळात नवं काय होतं? तोपर्यंत अशा खेळांत दोघांना बहुधा एकच माणूस मिळायचा, फक्त कपड्यांचा रंग वेगळा. इथे आठ जणांतून निवड करता येत होती, आणि आठही जणांची अंगकाठी, चाल, पल्ला आणि डाव निराळे. जपानचे रियू आणि होंडा, अमेरिकेचे केन आणि गाइल, चीनची चुन-ली, ब्राझीलचा ब्लांका, सोव्हिएत रशियाचा झांगीफ आणि आपल्या भारताचा धालसिम. खेळ बाजारात आला तेव्हा सोव्हिएत संघ होता, वर्ष संपता संपता तो नाहीसा झाला. नागपूरच्या यंत्रांवर त्याचं लाल निशाण त्यानंतरही कित्येक वर्षं फडकत राहिलं.

कुस्ती पाहणाऱ्या माणसाला या खेळाची गंमत चटकन कळते. तालमीत कुठलाच डाव एकटा नसतो, प्रत्येक डावाला तोड असते. इथेही तेच. लांबून आगीचा गोळा फेकला तर समोरचा त्यावरून उडी मारून अंगावर येतो. उडी मारून येणाऱ्याला खालून वर जाणारा ठोसा हाणता येतो. तो ठोसा वाया गेला तर मारणारा क्षणभर उघडा पडतो, आणि मग त्याची खैर नसते. झांगीफ तर सरळ पैलवानच. जवळ आला, लिव्हर गोल फिरली, की समोरच्याची धोबीपछाड झालीच म्हणून समजा. म्हणजे नुसती बटणं बडवून भागत नव्हतं. समोरचा पुढच्या अर्ध्या सेकंदात काय करणार, याचा अंदाज बांधावा लागत होता. यंत्राशी खेळताना हे कळत नाही, शेजारी माणूस उभा राहिला की कळतं.

या खेळाची सर्वांत मोठी देणगी तर चुकून मिळालेली आहे. मधल्या एका बोनस फेरीत एक मोटार लाथाबुक्क्यांनी फोडायची असते. तिथल्या चुका तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांना दिसलं, की अगदी नेमक्या वेळी बटण दाबलं तर पहिल्या फटक्याला लागूनच दुसरा फटका बसतो. मध्ये समोरच्याला हलायलाही सवड मिळत नाही. हे इतकं अवघड आहे की कुणाला जमणार नाही, असं समजून त्यांनी ते तसंच राहू दिलं. पोरांनी ते शोधलं. त्यालाच पुढे ‘कॉम्बो’ म्हणू लागले, आणि त्यानंतर कॉम्बोशिवाय मारामारीचा खेळ काढण्याची फारशी कुणाची हिंमत झाली नाही. घरी खेळायच्या सुपर निन्टेंडोवर १९९२मध्ये आलेल्या या खेळाच्या आवृत्तीचा खप ६३ लाखांच्या घरात गेला. पण पेटीवरचा खेळ त्याहून मोठा, असं माझं मत आहे.

त्याचं कारण सांगतो. पेटीवर नंबर लागायचा. काचेखालच्या पट्टीवर आपलं टोकन ठेवायचं आणि वाट पाहायची. जिंकेल तो राहील, हरेल तो उठेल. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, तरी सगळीकडे तोच होता. त्या पट्टीवर इंजिनीअरिंगच्या पोराचं टोकन आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या पोराचं टोकन शेजारी शेजारी पडलेलं मी पाहिलं आहे. नागपुरात तेव्हा ही दोन पोरं दुसरीकडे कुठे समोरासमोर आली असती, मला सांगता येत नाही. क्रिकेटची टीम गल्लीची असते, शाळा ज्याची त्याची असते. इथे तुझा बाप कोण, हे विचारायला वेळच नव्हता. नव्व्याण्णव सेकंदांचं घड्याळ सुरू झालेलं असायचं.

आता आपल्या धालसिमबद्दल. भगवी अर्धी चड्डी, गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांब होणारे हातपाय आणि तोंडातून आग. ‘योगा फायर’ असं ओरडून तो जाळ सोडायचा. मागे झुलणारे हत्ती. जपान्यांना योग म्हणजे काय वाटलं असेल ते असो, पण या कवट्यांच्या माळेवरून आपल्याकडे मोर्चा निघाला नाही, हे त्या काळाचं भाग्यच. हॉलिवूडने १९९४मध्ये यावर चित्रपट काढला तेव्हा धालसिमची भूमिका रोशन सेठ यांनी केली. ‘गांधी’ चित्रपटातले आणि श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’मधले नेहरू ते हेच. नव्या चित्रपटात विद्युत जामवाल धालसिम होणार, अशी बातमी २०२५मध्ये आली, तेव्हा माझ्या वर्गातल्या पोरांना फार आनंद झाला. मला मात्र नेहरूच आठवले.

गंमत अशी, की पार्लरमध्ये आपल्या या माणसाला कुणी घेत नसे. सगळे केन आणि रियूच्या मागे. धालसिमचे हात लांब, पण चाल मंद. त्याच्याकडून जिंकून घ्यायला डोकं शांत लागतं, आणि सतरा-अठराव्या वर्षी ते कुणाकडे असतं? महालातल्या एका पार्लरमध्ये एक मुलगा यायचा, तो मात्र धालसिमशिवाय दुसऱ्याला हात लावत नसे. तो बोलायचा फार कमी. समोरच्याला जवळच येऊ द्यायचा नाही. हात लांब करून टोचत राहायचा, टोचत राहायचा, आणि समोरचा चिडून उडी मारेल त्या क्षणाची वाट बघायचा. ‘काहून बे, सरळ खेळ ना,’ असं पोरं ओरडायची. तो हसायचा. एका टोकनवर त्याला तासभर टिकलेलं मी पाहिलं आहे. पार्लरचा मालक अशा गिऱ्हाइकावर नाराज असतो, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडच्या यंत्रांतले बोर्ड अस्सल की नकली, हे विचारण्याची पद्धत नव्हती. मी असे ‘स्ट्रीट फायटर’ पाहिले आहेत ज्यात गडी हवेतल्या हवेत गोळे फेकत, गोळे वळणं घेत पाठलाग करत आणि बटण दाबलं की मधूनच माणूस बदलत असे. तैवानकडून आलेल्या चोरट्या आवृत्त्या त्या. त्यांना हसू नका. असले भन्नाट वेगाचे नकली खेळ लोकांना आवडू लागल्याचं पाहून खुद्द कॅपकॉमला १९९२च्या अखेरीस आपली अधिक वेगवान आवृत्ती काढावी लागली. चोराने सावकाराला धंदा शिकवल्याचं हे उदाहरण.

‘मॉर्टल कॉम्बॅट’कडे वळू. शिकागोच्या मिडवे कंपनीत एड बून, जॉन टोबायस आणि त्यांच्या दोन साथीदारांनी तो १९९२मध्ये केला. चित्रं काढण्याऐवजी त्यांनी खऱ्या माणसांचं चित्रण करून ती माणसं पडद्यावर लढवली. फटक्यासरशी रक्त उडतं, आणि हरलेल्याला शेवटी ठार मारण्याच्या तऱ्हा तर अशा, की इथे सकाळच्या वेळी सांगता येणार नाहीत. १३ सप्टेंबर १९९३ रोजी तो घरच्या यंत्रांवर आला. निन्टेंडोने आपल्या आवृत्तीतलं रक्त काढून टाकलं. सेगाच्या यंत्रावर मात्र एक गुप्त क्रम दाबला की ते परत यायचं. साहजिकच सेगाची आवृत्ती जास्त खपली. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, आणि १९९४मध्ये कंपन्यांनी स्वतःच वयानुसार वर्गवारी करणारं मंडळ स्थापन केलं. आज परदेशी खेळाच्या वेष्टनावर वयाचं अक्षर दिसतं, त्याची मुळं तिथे आहेत.

प्रकरण पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हिंसक खेळ मुलांना विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा २०११मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला. व्हिडिओ गेमलाही पुस्तकासारखंच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं न्यायालयाने म्हटलं. न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकालात परीकथांची आठवण करून दिली: हॅन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत घालतातच की. सुनावणीत न्यायमूर्ती केगन म्हणाल्या होत्या, की आमच्याकडे काम करणाऱ्या निम्म्या तरुण वकिलांचं पौगंड ‘मॉर्टल कॉम्बॅट’ खेळण्यातच गेलं असणार.

म्हणजे कायद्याच्या इतिहासात या खेळाला तोड नाही. पण खेळ म्हणून? खऱ्या माणसांची चित्रं वापरण्याची त्याची पद्धत काही वर्षांत मागे पडली, आणि त्याची नक्कल करणारे बहुतेक खेळ विस्मरणात गेले. आमच्या पार्लरमध्ये तो सुरू झाला की गर्दी जमायची, पण ती शेवटचा खून पाहायला. तो पाहून झाला की पोरं परत ‘स्ट्रीट फायटर’च्या पट्टीवर टोकन ठेवायला जायची. आणि हो, चित्रपटाला सेन्सॉर बोर्ड होतं, पार्लरमधल्या यंत्राला कसलंच नव्हतं. दहा वर्षांचं पोरही तिथे उभं असायचं. पालकांची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. खाऊचे पैसे उडायचे, शिकवणीचे तास बुडायचे. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पडद्यावर चुन-ली होती, अशा खेळांत निवडता येणारी पहिली गाजलेली स्त्री, पण खोलीत मुलगी कधी दिसली नाही. नागपूरच्या निम्म्या मुलांना, म्हणजे मुलींना, या इतिहासात जागाच मिळाली नाही. पोरापोरांमधली भिंत पाडणाऱ्या त्या खोलीला ही दुसरी भिंत दिसलीच नाही.

इतिहासकारांचा लाडका खेळ आहे सेगाचा ‘व्हर्चुआ फायटर’. १९९३मध्ये यू सुझुकी यांच्या चमूने तो केला. माणसं सपाट चित्रांची नव्हती. बहुभुज आकार जोडून केलेली, कुठल्याही बाजूने पाहता येतील अशी होती. आज ती माणसं पत्र्याच्या डब्यांची वाटतात, पण सोनीने आपल्या प्लेस्टेशनची दिशा नक्की केली त्यात या खेळाच्या यशाचा वाटा आहे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने १९९८मध्ये त्याची दखल घेतली. मी तो नागपुरात कधी पाहिला नाही, म्हणून त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही.

त्याचा वारस मात्र घरोघरी पोचला. नामको कंपनीचा ‘टेकन’ १९९४च्या अखेरीस आला. त्याचे दिग्दर्शक सेइइची इशिई हे ‘व्हर्चुआ फायटर’वरच काम केलेले. नामकोने पेटीतलं यंत्रच प्लेस्टेशनच्या धर्तीवर बनवलं होतं, त्यामुळे पार्लरमधला खेळ आणि घरातला खेळ यांत फारसा फरक राहिला नाही. बटणांची योजनाही सुटसुटीत. चार बटणं म्हणजे दोन हात आणि दोन पाय. १९९८मध्ये ‘टेकन थ्री’ प्लेस्टेशनवर आला आणि त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या. आपल्याकडे किती खपल्या याचा हिशेब कुठल्याच वहीत नसणार. पार्लरमध्ये पेट्यांच्या जागी टीव्ही आणि खुर्च्या आल्या, आणि टोकनाच्या जागी तासाचा दर. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. टोकन होतं तोवर हरणाऱ्याला उठावं लागायचं. तासाचा दर आल्यावर दोन मित्र खुर्ची अडवून आपसातच खेळत बसले. अनोळखी माणसाशी गाठ पडायची बंद झाली. ‘टेकन’चा यात दोष नाही, पण तो खेळ आमच्याकडे या बदलाबरोबरच आला.

आता निशियामा यांच्याकडे परत येऊ. एसएनकेमध्ये जाऊन त्यांनी १९९१मध्ये ‘फॅटल फ्युरी’ केला. त्यातल्या स्पर्धेचं नाव होतं ‘किंग ऑफ फायटर्स’. त्याच नावाने १९९४पासून एसएनकेने नवी मालिका सुरू केली, आणि तिचा १९९७चा भाग म्हणजे ज्याला आमच्याकडे सगळे नुसतं ‘नाइन्टी सेव्हन’ म्हणत तो खेळ. इंग्रजीतल्या इतिहासात याला फार तर एखादा परिच्छेद मिळतो. पण चीनमध्ये, मेक्सिकोत, ब्राझीलमध्ये, पाकिस्तानात आणि आपल्या गावागावांत विचारा, तिथल्या चाळिशीतल्या माणसाचा चेहरा या नावाने उजळतो.

असं का व्हावं? याची कारणं खेळाच्या थोरवीपेक्षा पार्लरच्या हिशेबात आहेत, असा माझा अंदाज आहे. एसएनकेचं निओ जिओ हे यंत्र १९९०मधलं. त्यात खेळ कॅसेटमध्ये असायचा. जुना खेळ चालेनासा झाला की पेटी आणि बोर्ड तेच ठेवून फक्त कॅसेट बदलायची. लहान भांडवलाच्या माणसाला हे परवडणारं. दुसरं, बटणं चारच. ‘स्ट्रीट फायटर’ला एका बाजूला सहा, म्हणजे दोघांची मिळून बारा. त्यातलं एखादं नेहमीच मेलेलं, आणि मोठ्या लाथेचं बटण मेलं तर अर्धा खेळ गेला. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, ‘नाइन्टी सेव्हन’मध्ये एका टोकनात तीन गडी मिळायचे. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये दोन फेऱ्या हरलात की उठा. इथे तिन्ही गडी पडेपर्यंत तुम्ही उभे. रुपया जपून वापरणाऱ्या पोराला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही.

तीन गडी आल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. कुणाला आधी उतरवायचं, कुणाला राखून ठेवायचं, यावर मागे उभी असलेली पोरं सल्ले देऊ लागली. ‘इओरीला शेवटी ठेव बे!’ खेळणारे दोन आणि पंच वीस. कबड्डीच्या सामन्यात बाहेरून जसा गलका असतो तसा. जपानी नावं नागपुरी हिंदी-मराठीच्या मिसळीत अशी काही उच्चारली जात, की ती ओसाकात कुणाला ओळखू आली नसती. एसएनके कंपनी २००१मध्ये दिवाळखोरीत गेली. आमच्या पार्लरला ते कळलंही नाही, नाइन्टी सेव्हन चालूच होता.

मग थोरला कोण? जगाचा विचार केला तर माझं मत ‘स्ट्रीट फायटर टू’ला. बाकी सगळे त्याचं व्याकरण वापरतात, मग ते रक्त दाखवोत की त्रिमिती. माणसाने माणसाशी खेळायचं, हे त्याने मध्यभागी आणलं. १९९६मध्ये कॅलिफोर्नियात चाळीसेक जणांनी या खेळांची स्पर्धा भरवली, तीच पुढे ‘इव्हो’ नावाने जगातली मोठी स्पर्धा झाली. तिथला २००४चा एक सामना इंटरनेटवर आजही पाहिला जातो. जपानचा दायगो उमेहारा हरण्याच्या काठावर आहे, त्याची ताकद संपल्यात जमा आहे, नुसता अडवलेला फटकाही त्याला संपवणार. समोरचा जस्टिन वाँग पंधरा फटक्यांचा हल्ला सोडतो. दायगो पंधराही फटके अचूक क्षणी झेलून परतवतो आणि जिंकतो. सभागृह वेडं होतं. ती स्पर्धा काही दायगोला मिळाली नाही, अंतिम सामना तो हरला, पण ते कुणाला आठवत नाही.

आणि नागपूरचा विचार केला तर? इथे माझं मत नाइन्टी सेव्हनला. तो सर्वांत चांगला खेळ होता म्हणून हे मत नाही. एक रुपया जास्त वेळ टिकवणारा तो खेळ होता, आणि त्यामुळे जास्त पोरांना त्या पट्टीवर टोकन ठेवता आलं. माझ्या विद्यार्थ्यांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना एकच नाव हवं असतं.

त्यांना मी लाहोरचं उदाहरण देतो. अर्सलान अ‍ॅश हा लाहोरचा तरुण, तिथल्या पार्लरांत घडलेला. २०१९च्या सुरुवातीला व्हिसा आणि विमानप्रवासाची यातायात करत तो जपानला पोचला आणि ‘टेकन’ची तिथली इव्हो स्पर्धा जिंकला. ऑगस्टमध्ये अमेरिकेतली जिंकला. त्यानंतरही जिंकत राहिला. जपान-कोरियाचे जाणकार चक्रावले, हा आला कुठून? आमच्यासारख्यांना त्यात नवल वाटलं नाही. जिंकेल तो राहील, हरेल तो उठेल, या नियमात जी पोरं वाढतात त्यातला एखादा असा निघायचाच. आपल्याकडे ती शाळा आधी बंद पडली.

भारत सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’ हा पदकाचा खेळ होता. भारताकडून अयान बिस्वास आणि मयंक प्रजापती उतरले होते. पदक मिळालं नाही. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने घेतलं. वय वर्षं ४४! या खेळाला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी हा आकडा टिपून ठेवावा. त्या वयाची, पार्लरमध्येच वाढलेली माणसं आज नागपुरात बँकेत आहेत, शाळेत शिकवतात, दुकानं चालवतात. महालातला तो धालसिमवाला कुठे आहे, मला माहीत नाही. त्याचं नावही मी कधी विचारलं नाही. यंत्रावर तो तीन अक्षरं टाकायचा तेवढीच ओळख.

‘स्ट्रीट फायटर’च्या पेटीत सर्वाधिक गुण घेणाऱ्यांची यादी असे. पण ती साठवून ठेवायची सोय नव्हती. रात्री मालक मेन स्विच खाली ओढायचा, आणि सकाळी यादीत पुन्हा कंपनीने भरलेली नावं यायची.

तेव्हा इतवारीत, सदरमध्ये किंवा आणखी कुठे कुणाच्या गोदामात प्लायवूडची अशी एखादी पेटी अजून पडून असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर मला एक पोस्टकार्ड टाका. बटणं मेलेली असली तरी चालेल.